फिलिपिन्सचा बेसबॉल संघ आणि कुठेही उभा राहणारा खेळाडू: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आग्नेय आशियातल्या बेसबॉलबद्दल वाचकांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. बरेचसे प्रश्न क्रिकेट बघून बेसबॉलकडे वळलेल्यांचे आहेत, काही शाळा-कॉलेजात सॉफ्टबॉल खेळलेल्यांचे. सुरुवात सोप्या गोष्टींपासून केली आहे, नियमांतल्या खाचाखोचा पुढे येतात. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसऱ्यात पुन्हा न सांगता प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

1. युटिलिटी खेळाडू म्हणजे कोण? क्रिकेटमधला अष्टपैलूच ना?

नाही. क्रिकेटमधला अष्टपैलू बॅटिंग आणि बोलिंग दोन्ही करतो. बेसबॉलमध्ये पिचर (बॅटरकडे बॉल टाकणारा) सोडला तर बॅटिंग सगळ्यांनाच करावी लागते, त्यामुळे तिथे वेगळेपण ठरतं ते फील्डिंगवरून. जो खेळाडू आज सेकंड बेसला (बेस म्हणजे रन काढताना क्रमाने गाठायचे टप्पे), उद्या थर्ड बेसला आणि परवा लेफ्ट फील्डला उभा राहतो आणि तिन्हीकडे संघाचं नुकसान होऊ देत नाही, तो युटिलिटी खेळाडू.

पिचिंग आणि बॅटिंग दोन्ही करणारा, म्हणजे अमेरिकेच्या मेजर लीगमधल्या शोहेई ओहतानीसारखा, तो वेगळा. त्याला टू-वे खेळाडू म्हणतात. फिलिपिन्स, थायलंड, लाओससारख्या संघांत मात्र हे दोन्ही प्रकार अनेकदा एकाच माणसात सापडतात. कारण प्रश्न 4 मध्ये आहे.

2. "6-4-3" असं काहीतरी लिहिलेलं असतं, ते काय?

फील्डिंगच्या नऊ जागांचे क्रमांक ठरलेले आहेत: पिचर 1, कॅचर (बॅटरच्या मागे बॉल झेलणारा) 2, फर्स्ट बेस 3, सेकंड बेस 4, थर्ड बेस 5, शॉर्टस्टॉप (सेकंड आणि थर्ड बेसच्या मधला) 6, लेफ्ट फील्ड 7, सेंटर फील्ड 8, राइट फील्ड 9. 6-4-3 म्हणजे शॉर्टस्टॉपने बॉल उचलून सेकंड बेसमनकडे दिला, त्याने फर्स्ट बेसला फेकला आणि दोन गडी बाद झाले. हे क्रमांक जर्सीवरच्या आकड्यांपेक्षा वेगळे असतात. पुढच्या उत्तरांत लागतील, म्हणून लक्षात ठेवा.

3. फिलिपिन्समध्ये बेसबॉल? तिथे तर बास्केटबॉल खेळतात!

आज खरंच बास्केटबॉलचं राज्य आहे. गल्लीबोळात, चर्चच्या आवारात, भाताच्या खळ्याशेजारी बास्केट टांगलेली दिसते. पण बेसबॉल तिथे बाहेरून आलेला नवा पाहुणा नाही. 1898 नंतर अमेरिकन सैनिकांबरोबर तो आला आणि शाळांमध्ये रुजला. 1913 मध्ये मनिलाला भरलेल्या पहिल्या फार ईस्टर्न स्पर्धेत बेसबॉलचं विजेतेपद फिलिपिन्सने घेतलं. 1934 च्या डिसेंबरात अमेरिकेचे नामवंत फटकेबाज बेब रूथ आणि लू गेरिग जपानचा दौरा आटोपून मनिलात आले आणि रिझाल मेमोरियल मैदानावर दोघांनीही होमरन मारले. याच मैदानावर 1945 मध्ये जपानी सैन्याने ठाण मांडलं होतं आणि अमेरिकन रणगाडे आत शिरले होते. त्यानंतर नऊ वर्षांनी, 1954 मध्ये, पहिली आशियाई बेसबॉल स्पर्धा मनिलात झाली आणि ती फिलिपिन्सने जिंकली. जपान मागे पडला होता!

म्हणून या संघाला "उदयोन्मुख" म्हणताना मला थोडं अवघडल्यासारखं होतं. खरं तर हा पुन्हा उभा राहू पाहणारा संघ आहे. मैदानाला मोठी जागा लागते, ग्लोव्ह महाग पडतात आणि बास्केटबॉलला एक चेंडू पुरतो. शहरं दाटत गेली तसा बेसबॉल विद्यापीठांपुरता आक्रसला. आजही राष्ट्रीय संघातले बरेच खेळाडू मनिलातल्या विद्यापीठांच्या संघांमधून येतात.

शेजारी मात्र खरोखर नवे आहेत. लाओसमध्ये कोरियाचे नामवंत माजी कॅचर ली मान-सू यांनी गेल्या दशकात मुलांना बेसबॉल शिकवायला सुरुवात केली. 2018 च्या जाकार्ता एशियन गेम्समध्ये लाओसचा संघ पहिल्यांदा उतरला आणि पुढच्या, म्हणजे चीनमधल्या हांगझोऊच्या स्पर्धेत त्यांनी सिंगापूरला हरवलं. ज्या देशात काही वर्षांपूर्वी बेसबॉलचं मैदानसुद्धा नव्हतं, त्या देशाचा हा विजय आहे.

4. अशा संघांना युटिलिटी खेळाडू इतका का लागतो?

हिशोब मांडून बघा. आंतरराष्ट्रीय स्पर्धेत संघात साधारण 24 जण असतात. रोज सामने असतात म्हणून दहा पिचर लागतात. दोन कॅचर. राहिले बारा. त्यातले सात जण फील्डिंगला आणि एक डेझिग्नेटेड हिटर (पिचरऐवजी फक्त बॅटिंग करणारा), असे आठ जण सुरुवातीला खेळतात. बाकावर उरले चार. त्यांतला एक शेवटच्या डावात कुणाच्या तरी जागी पळायला, एक मोक्याच्या वेळी बॅटिंगला. म्हणजे सात जागांच्या दुखापती, थकवा आणि फॉर्म सांभाळायला उरतात दोन माणसं. त्या दोघांना फक्त एकेकच जागा येत असेल, तर तिसऱ्या दिवशी कोचचे हात बांधले जातात.

हे गणित जपानलाही लागू आहे, पण जपानकडे निवडायला हजारो खेळाडू आहेत. एशियन गेम्सला ते व्यावसायिक खेळाडू न पाठवता कंपन्यांच्या संघांमधले खेळाडू पाठवतात आणि तरीही त्यांच्या बाकावरचा शॉर्टस्टॉप या भागातल्या कुठल्याही संघात पहिला निवडला जाईल. फिलिपिन्सचं तसं नाही. तिथे चांगला फील्डर सापडला की त्याला शक्य तितक्या जागा शिकवाव्याच लागतात.

दुसरं कारण फारसं बोललं जात नाही, पण मला ते जास्त महत्त्वाचं वाटतं. साउथ-ईस्ट एशियन गेम्समध्ये बेसबॉल दर वेळी नसतो. 2005 मध्ये मनिलात होता, फिलिपिन्सने सुवर्ण जिंकलं. 2007 मध्ये थायलंडने घरच्या मैदानावर जिंकलं. 2011 मध्ये इंडोनेशियातल्या पालेमबांगला पुन्हा फिलिपिन्स. मग थेट 2019 मध्ये फिलिपिन्समधल्याच क्लार्कला, जिथे अंतिम सामन्यात त्यांनी थायलंडचा 15-2 असा धुव्वा उडवला. मधली आठ वर्षं काय? 2011 ला बाविशीत असलेला मुलगा 2019 ला तिशीचा झाला. स्पर्धा नाही म्हणजे सरकारी निधी आटतो, सराव शिबिरं बंद पडतात, मुलं नोकरीला लागतात. अशा मोठ्या खंडातून जे टिकतात, त्यांच्यात जिथे म्हणाल तिथे उभे राहणारे जास्त असतात. ज्याला एकच जागा येते, त्याची ती जागा दुसऱ्याने घेतली की त्याचं खेळणंच थांबतं.

5. कोणत्याही जागेवरचा खेळाडू कुठेही खेळू शकतो का?

कागदावर हो. मैदानावर काही जागा एकमेकींच्या जवळच्या आहेत, काही अगदी लांबच्या.

शॉर्टस्टॉप आणि सेकंड बेस शेजारी-शेजारी आहेत, बाहेरून बघताना एकच काम वाटतं. पण 6-4-3 खेळताना सेकंड बेसमनचे पाय बघा. तो बेसकडे धावत येतो तेव्हा त्याचं तोंड शॉर्टस्टॉपकडे असतं आणि फर्स्ट बेसवरून झेपावत येणारा रनर पाठीमागच्या बाजूने येतो. बॉल ग्लोव्हमध्ये येताक्षणी त्याला अंग फिरवून फेकायचं असतं, रनर पायात येण्याआधी. शॉर्टस्टॉप तेच काम करताना फर्स्ट बेसकडेच धावत असतो, सगळं चित्र त्याच्या समोर असतं. म्हणून चांगला शॉर्टस्टॉप सेकंड बेसला आला की पहिले काही आठवडे त्याचं फेकणं उशिरा होतं. हात तेच, पाय नवे.

थर्ड बेसला वेळच नसतो. बॅटपासून बेस 27.43 मीटरवर आणि उजव्या हाताच्या बॅटरचा फटका सरळ अंगावर. तिथून फर्स्ट बेसपर्यंत फेकायचं अंतर सुमारे 38.8 मीटर, म्हणजे खांदा दणकट हवा. सेकंड बेसवरून थर्डला हलवलेल्या खेळाडूचा खांदा इथे उघडा पडतो.

आउटफील्डमध्ये (बेसच्या मागच्या मोकळ्या भागात) सेंटर फील्डरला पिच, म्हणजे पिचरने टाकलेला बॉल, सरळ रेषेत दिसते, बॉल कुठे जाणार याचा अंदाज त्याला लवकर येतो. लेफ्ट आणि राइट फील्डला बॉल फाउल लाइनकडे (मैदानाच्या बाजूच्या हद्दीकडे) वळत जातो. इनफील्डमधून (बेसच्या आसपासच्या जागांवरून) आलेला खेळाडू सवयीने पहिलं पाऊल पुढे टाकतो आणि बॉल डोक्यावरून जातो. आउटफील्डला पहिलं पाऊल मागे, हे अंगवळणी पडायला शेकडो उंच फटके झेलावे लागतात.

कॅचर ही जागा या सगळ्यांपलीकडची आहे. प्रश्न 13 पाहा.

6. एकच ग्लोव्ह सगळीकडे चालतो का?

नाही. कॅचरचा आणि फर्स्ट बेसमनचा जाड मिट (बोटं वेगळी नसलेला ग्लोव्ह) फक्त ज्याचा त्यालाच वापरता येतो. फर्स्ट बेसमन साधा ग्लोव्हही घालू शकतो, पण फर्स्ट बेसचा मिट घालून लेफ्ट फील्डला जाणं नियमबाह्य आहे. पिचरच्या ग्लोव्हचा रंग पांढरा किंवा करडा असून चालत नाही. आउटफील्डमधून थेट पिचिंगला बोलावलेल्या खेळाडूच्या बाबतीत हे हमखास विसरलं जातं.

नियमात नसलेला पण खेळायला महत्त्वाचा भाग मापाचा. सेकंड बेस आणि शॉर्टस्टॉपला साधारण 11.5 इंची, उथळ पॉकेटचा (बॉल बसायच्या खोबणीचा) ग्लोव्ह, म्हणजे बॉल चटकन हातात येतो. आउटफील्डला 12.5 इंच किंवा त्याहून मोठा. तीन जागा खेळणाऱ्याला निदान दोन ग्लोव्ह लागतात आणि चांगला ग्लोव्ह खिशाला जड जातो. म्हणून अशा संघांत ग्लोव्ह एकमेकांना दिले-घेतले जातात. चांगला सरावलेला ग्लोव्ह दुसऱ्याच्या हाती देणं हे मोठ्या मनाचं काम आहे, कारण दुसऱ्याच्या हाताने त्याची घडी बिघडते.

7. डावखुरा खेळाडू युटिलिटी होऊ शकतो का?

डाव्या हाताने फेकणारा असेल तर मर्यादित. त्याला फर्स्ट बेस, तिन्ही आउटफील्ड आणि पिचिंग खुलं असतं. सेकंड, थर्ड आणि शॉर्टला बॉल उचलून फर्स्टकडे फेकताना त्याला अंग उलटं वळवावं लागतं, त्यात रनर पोचतो. डाव्या हाताने फक्त बॅटिंग करणाऱ्याला ही अडचण नाही.

8. बाहेर काढलेला खेळाडू परत येऊ शकतो का?

नाही. बेसबॉलमध्ये एकदा बदलला की त्या सामन्यापुरता तो संपला. महाराष्ट्रात हा प्रश्न फार येतो, कारण आपल्याकडे शाळांमधून सॉफ्टबॉल भरपूर खेळला जातो आणि सॉफ्टबॉलमध्ये सुरुवातीच्या खेळाडूला एकदा परत येता येतं, बॅटिंगच्या त्याच क्रमावर.

युटिलिटी खेळाडूची किंमत इथेच कळते. खेळाडू बाहेर न काढता फक्त जागांची अदलाबदल केली, तर ती कितीही वेळा करता येते (पिचरचा अपवाद पुढे आहे). शॉर्टस्टॉप लेफ्टला, लेफ्टचा सेकंडला, असं फिरवताना बाकावरचा एकही माणूस खर्च होत नाही. अंपायरला बदल सांगितला की झालं. बॅटिंगचा क्रम मात्र जसाच्या तसा राहतो.

9. पिचर दुसऱ्या जागी उभा राहून परत पिचिंगला येऊ शकतो का?

येऊ शकतो, तो सामन्यात राहिला असेल तर. समजा समोर डावखुरा बॅटर आहे, ज्याला डावखुरा पिचर जड जातो. कोच उजव्या हाताच्या पिचरला फर्स्ट बेसला उभा करतो, डावखुरा पिचर आणतो, तो बॅटर बाद झाला की पहिल्याला परत बोलावतो. पण एका इनिंगमध्ये (सामन्याच्या नऊ फेऱ्यांपैकी एकीत) पिचरला दुसऱ्या जागी एकदाच जाता येतं. परत येऊन त्याच इनिंगमध्ये पुन्हा फर्स्ट बेसला जायची मुभा नाही.

आणि ही युक्ती फुकट नसते. पुढचा प्रश्न वाचा.

10. शॉर्टस्टॉपला पिचिंगला आणलं आणि अचानक डेझिग्नेटेड हिटर गायब झाला. असं का?

सगळ्यात जास्त गोंधळ उडवणारा हा नियम. डेझिग्नेटेड हिटर म्हणजे पिचरऐवजी फक्त बॅटिंग करणारा. प्रामुख्याने तीन प्रसंगांत त्याची सोय उरलेल्या सामन्यासाठी संपते: पिचर दुसऱ्या फील्डिंगच्या जागी गेला तर, फील्डिंग करणारा कुणी पिचिंगला आला तर, आणि डेझिग्नेटेड हिटर स्वतः फील्डिंगला उतरला तर. या तिसऱ्या प्रसंगात हिटर आपल्याच क्रमावर बॅटिंग करत राहतो आणि ज्याच्या जागी तो उतरला, त्याच्या क्रमावर पिचरला बॅट घेऊन यावं लागतं.

लहान संघाला हे फार महागात पडतं. आठव्या इनिंगमध्ये शॉर्टस्टॉपला पिचिंगला आणून एक डाव वाचवला, पण नवव्यात संघाचा सर्वांत चांगला हिटर नियमामुळे हातचा गेलेला असतो. म्हणून शहाणा कोच पिचिंग येणाऱ्या युटिलिटी खेळाडूला मोठ्या फरकाने पुढे किंवा मागे असतानाच हात लावतो. मेजर लीगमध्ये 2022 पासून सुरुवातीच्या पिचरला स्वतःचाच डेझिग्नेटेड हिटर होता येतं, ओहतानीमुळे आलेला हा बदल. पण तो फक्त सुरुवातीच्या पिचरपुरता आहे, मधेच आलेल्या शॉर्टस्टॉपला लागू होत नाही.

11. पिचिंगही करणाऱ्या खेळाडूच्या हाताचं काय? किती पिच टाकल्या तर चालतात?

वर्ल्ड बेसबॉल क्लासिकमध्ये (देशांच्या संघांच्या जागतिक स्पर्धेत) मर्यादा काटेकोर आहेत: पहिल्या फेरीत एका सामन्यात 65, उपांत्यपूर्वला 80, त्यापुढे 95. एका दिवशी 50 किंवा जास्त टाकल्या तर चार दिवस विश्रांती, 30 किंवा जास्त टाकल्या तर एक दिवस. सुरू असलेला बॅटर पूर्ण करायची मुभा असते.

पण ही मर्यादा फक्त पिचिंगवर आहे. 60 पिच टाकलेला माणूस दुसऱ्या दिवशी थर्ड बेसला उभा राहून तितक्याच ताकदीने बॉल फेकू शकतो, त्याला कुणी अडवत नाही. खांद्याला मात्र फेक कुठून झाली याने काही फरक पडत नाही. माझं ठाम मत आहे की पिचिंगनंतरचे दोन दिवस अशा खेळाडूला फर्स्ट बेस किंवा डेझिग्नेटेड हिटर एवढंच द्यावं, समोर कितीही मोठा सामना असला तरी. ज्या देशात दहाच चांगले पिचर आहेत, तिथे एक खांदा गेला की दहावा हिस्सा गेला.

12. आई थाई किंवा फिलिपिनो असेल तर त्या देशाकडून खेळता येतं का?

स्पर्धेवर अवलंबून आहे. वर्ल्ड बेसबॉल क्लासिकचे नियम उदार आहेत, आई किंवा वडील त्या देशाचे असले तरी पुरतं. बोस्टन आणि न्यूयॉर्ककडून वर्ल्ड सिरीज (मेजर लीगची अंतिम मालिका) जिंकलेला जॉनी डेमन, ज्याची आई थाई आहे, तो 2012 च्या नोव्हेंबरात तैवानमधल्या पात्रता फेरीत थायलंडकडून खेळला. तेव्हा तो 39 वर्षांचा होता. त्या गटातून तैवान पात्र ठरला, पण थायलंडमधल्या मुलांना त्या निमित्ताने एक खरा लीडऑफ हिटर (सलामीचा बॅटर) आपल्या जर्सीत बघायला मिळाला. एशियन गेम्सला मात्र पासपोर्टच लागतो.

या बाबतीत फिलिपिन्सला एक जुनी जखम आहे. 1992 मध्ये झांबोआंगा सिटीच्या मुलांनी लिटल लीग वर्ल्ड सिरीज (लहान मुलांची जागतिक स्पर्धा) जिंकली आणि नंतर संघात बाहेरगावची, नियमात न बसणारी मुलं असल्याचं उघड झाल्यावर विजेतेपद काढून कॅलिफोर्नियातल्या लाँग बीचला देण्यात आलं. चूक मोठ्यांनी केली, किंमत मुलांनी मोजली.

13. दोन्ही कॅचर जखमी झाले तर?

मग तो तिसरा, ज्याचं नाव यादीत कॅचर म्हणून नसतं, तो उतरतो. प्रत्येक संघात असा एक जण आधीच ठरलेला असतो, बहुधा शाळेत कॅचर असलेला युटिलिटी खेळाडू. तो रोज सराव संपल्यावर बुलपेनमध्ये (पिचरांच्या सरावाच्या जागी) जाऊन काही पिच झेलतो, एवढ्यासाठीच.

अंपायर त्याला मास्क, छातीचं संरक्षण आणि शिन गार्ड चढवायला वेळ देतो. खरी परीक्षा पुढे असते. पिचर आणि त्याच्यातल्या खुणा त्याला पाठ नसतात, म्हणून पिचर फास्टबॉलवरच भर देतो आणि समोरच्या बॅटरला ते दोन पिचमध्ये कळतं. रनर बेस चोरायला, म्हणजे फटका नसतानाच पुढच्या बेसकडे पळायला लागतात. जमिनीवर आपटून येणारा बॉल ग्लोव्हने पकडायचा नसतो, छातीने अडवायचा असतो; सवय नसलेला माणूस ग्लोव्ह पुढे करतो आणि बॉल मागे जातो.

14. एका सामन्यात नऊच्या नऊ जागा कुणी खेळलंय का?

हो. 1965 मध्ये कॅन्सस सिटी अ‍ॅथलेटिक्सच्या बर्ट कँपानेरिसने, 1968 मध्ये मिनेसोटाच्या सेझार टोवारने, नंतरही काही जणांनी. बहुतेक वेळा हे हंगामाच्या अखेरीस, प्रेक्षकांसाठी ठरवून केलेलं असतं. स्कोअरशीटवर अशा खेळाडूच्या नावापुढे जागांचे क्रमांक ओळीने लिहितात, 6-4-5-7 असे. बॅटिंगचे आकडे एकत्र राहतात, फील्डिंगचे प्रत्येक जागेनुसार वेगळे.

म्हणूनच युटिलिटी खेळाडूच्या चुकांची बेरीज बघून त्याला नावं ठेवू नका. कुठल्या जागेवर किती इनिंग खेळला, ते आधी बघा.

15. माझी मुलगी बारा वर्षांची आहे, सॉफ्टबॉल आणि बेसबॉल दोन्ही खेळते. तिने एक जागा पक्की करावी का?

इतक्यात नको. या वयात इनफील्ड आणि आउटफील्ड दोन्ही खेळू द्या. फक्त एक जोडी टाळा: एकाच दिवशी पिचिंग आणि कॅचिंग. लिटल लीगचा नियम असा की 41 किंवा जास्त पिच टाकणाऱ्याला त्या दिवशी कॅचर होता येत नाही आणि चार इनिंग कॅचिंग केलेल्याला त्या दिवशी पिचिंग करता येत नाही. बेसबॉलमध्ये 11-12 वर्षांसाठी दिवसाला 85 पिच ही वरची मर्यादा मानतात. तुमच्या शाळेच्या स्पर्धेत असा नियम नसला, तरी हा आकडा वहीत लिहून ठेवा आणि सरांना दाखवा. गावाकडच्या स्पर्धांमध्ये एका दिवसात दोन-तीन सामने असतात, तिथे पिच मोजायला बाकावर एक पालक बसवा.